‘हॅड’ लावण्याआधी ‘होतं’ शिकवा

भारतातून येणारं इंग्रजी रोज वाचणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या जवळ, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे आणि आमचे बरेच सप्लायर पुण्याच्या आसपासचे. चाकण, भोसरी, रांजणगाव. दिवसाला दहा-बारा मेल तिकडून येतात. पाठवणाऱ्याचं नाव झाकून ठेवलं तरी मेल आपल्याकडचा आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. ‘डू द नीडफुल’वरून नव्हे. त्यावर आता इतके विनोद करून झालेत की लोक जपून राहतात. माझी खूण निराळी आहे. माझी खूण म्हणजे ‘हॅड’.

"आय हॅड सेंट द ड्रॉइंग यस्टर्डे." "वुई हॅड डिस्कस्ड धिस इन लास्ट वीक्स कॉल." "आय हॅड गॉन टू माय नेटिव्ह फॉर गणपती."

तर मंडळी, हा पास्ट परफेक्ट टेन्स. आपण शाळेत ज्याला पूर्ण भूतकाळ म्हणून घोकला तोच. वरच्या तिन्ही वाक्यांत त्याचं काडीचंही काम नाही. ‘सेंट’, ‘डिस्कस्ड’, ‘वेंट’, एवढं पुरतं. आणि हे लिहिणारे कोणी अर्धवट शिकलेले लोक नाहीत. बी.ई., एम.टेक., वीस-वीस वर्षं अनुभव असलेले मॅनेजर, सगळे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ‘हॅड’वरून कसला गहजब करतोस? अर्थ कळला ना, मग झालं. माझं भांडण नेमकं इथेच आहे. अर्थ कळत नाही. चुकीचा कळतो, आणि चुकीचा कळलाय हे दोन्ही बाजूंना समजत नाही. दुसरं भांडण त्याहून मोठं आहे. या रोगाचं जे निदान आपल्याकडे गेली कित्येक वर्षं चाललंय, की इंग्रजी कच्चं आहे, अजून इंग्रजी शिकवा, लवकर शिकवा, इंग्रजी माध्यमात घाला, ते निदानच साफ चुकलेलं आहे.

आधी ‘हॅड’ काय करतं ते बघू. इंग्रजीत भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधीची गोष्ट सांगायची असेल तर ते लागतं. "व्हेन आय रीच्ड द एअरपोर्ट, द फ्लाइट हॅड लेफ्ट." मी पोचलो, आणि त्याआधीच विमान गेलेलं. यातलं ‘हॅड’ काढून बघा. "व्हेन आय रीच्ड द एअरपोर्ट, द फ्लाइट लेफ्ट." आता मी पोचलो आणि मग विमान सुटलं, जणू माझीच वाट बघत थांबलं होतं. म्हणजे इथे ‘हॅड’ची किंमत एका विमानाच्या तिकिटाएवढी आहे.

हे सगळ्यात स्वच्छ मांडलंय ते एका वैयाकरणाने नव्हे, हान्स रायशेनबाख नावाच्या तत्त्वज्ञाने. हिटलर आल्यावर १९३३ मध्ये या माणसाला जर्मनी सोडावी लागली, मग इस्तंबूल, आणि १९३८ पासून लॉस अँजेलिसच्या विद्यापीठात. १९४७ साली त्याचं ‘एलिमेंट्स ऑफ सिम्बॉलिक लॉजिक’ हे पुस्तक आलं. पुस्तक तर्कशास्त्राचं, पण त्यातली थोडी पानं क्रियापदांच्या काळांवर आहेत. तो म्हणतो, वेळेची एक रेघ काढा आणि तिच्यावर तीन टिंबं द्या. एक, मी बोलतोय तो क्षण. दुसरं, घटना घडली तो क्षण. आणि तिसरं, ज्या क्षणी उभं राहून आपण त्या घटनेकडे बघतो तो. हे तिसरं टिंब हीच सगळी गंमत.

‘आय सेंट’ म्हटलं की घटना मागे आणि बघण्याचा क्षणही तिथेच, तिच्याजवळ. ‘आय हॅव सेंट’ म्हटलं की घटना मागे, पण बघतोय आत्ता इथून. आणि ‘आय हॅड सेंट’ म्हटलं की तिन्ही टिंबं सुटी. सगळ्यात मागे पाठवणं, मध्ये कुठेतरी बघण्याचा क्षण, मग आत्ता. इंजिनियर माणसाला हे वाचून बरं वाटतं. बारा काळांचे तक्ते पाठ करून जे झालं नाही ते एका रेघेने आणि तीन टिंबांनी होतं.

म्हणजे "आय हॅड सेंट द ड्रॉइंग यस्टर्डे" हे वाक्य ऐकल्यावर अमेरिकन माणूस मधलं टिंब शोधतो. काल पाठवलं, ठीक, पण कशाच्या आधी? माझा मेल येण्याच्या आधी? ड्रॉइंग बदलण्याच्या आधी? की आधी पाठवलं होतं आणि मग काहीतरी झालं, म्हणून आता पुन्हा पाठवणार आहे? तो थोडा थांबतो, पुढचं वाक्य वाचतो, टिंब सापडत नाही. मग स्वतःच्या मनाने एक टिंब ठेवतो आणि पुढे जातो. दहातल्या नऊ वेळा काही बिघडत नाही. दहाव्या वेळी काय होतं ते सांगतो.

आमच्या धंद्यात सप्लायरच्या मालात दोष निघाला की त्याला एट-डी नावाचा रिपोर्ट लिहावा लागतो. फोर्डने १९८७ साली ही पद्धत पुस्तकात बांधली आणि आता सगळेच वापरतात. दोष काय, तात्पुरता बंदोबस्त काय केला, मूळ कारण काय, कायमचा उपाय काय, अशा पायऱ्या असतात. थोडक्यात, कशानंतर काय घडलं याची ती गोष्ट असते. क्रम चुकला की रिपोर्ट गेला.

काही वर्षांपूर्वी पुण्याकडच्या एका सप्लायरच्या कास्टिंगमध्ये तडे सापडले. त्यांचा रिपोर्ट आला. त्यात वाक्यं अशी: "क्रॅक्स वेअर ऑब्झर्व्ड इन फायनल इन्स्पेक्शन ऑन ट्वेल्थ. द फिक्स्चर हॅड बीन रिप्लेस्ड अँड द बॅलन्स लॉट हॅड बीन चेक्ड हंड्रेड परसेंट."

तुम्ही पुण्यात बसून वाचाल तर तुम्हाला काहीच खटकणार नाही. बारा तारखेला तडे दिसले, मग त्यांनी फिक्स्चर बदललं, उरलेला लॉट शंभर टक्के तपासला. शहाण्या माणसासारखं वागले. आमच्या इथल्या क्वालिटीवाल्याने, जो साठीकडे झुकलेला, सरळ स्वभावाचा माणूस आहे, तेच वाक्य वाचलं आणि तो लाल झाला. त्याने वाचलं ते असं: बारा तारखेला तडे दिसले, आणि त्याच्या आधीच यांनी फिक्स्चर बदललेलं होतं. न सांगता. शिवाय त्याच्या आधीच सगळा लॉट शंभर टक्के तपासलेला होता, तरीही तडे निसटून पुढे गेले.

आमच्या धंद्याबाहेरच्यांना सांगतो, हा आरोप किती जड आहे ते. माल सुरू होण्याआधी पार्ट आणि तो बनवण्याची पद्धत, दोन्ही गिऱ्हाईक मंजूर करतो. पीपॅप म्हणतात त्याला. त्यानंतर पद्धतीत बदल करायचा तर गिऱ्हाइकाला आधी कळवायचं. न कळवता बदल केला तर दोषाहून मोठा गुन्हा, कारण दोष कोणाच्याही हातून होतो, पण लपवालपवी म्हणजे नियत खराब. पुढच्या कामाच्या यादीतून नाव जाऊ शकतं. भोसरीतल्या दोन-तीनशे माणसांच्या कारखान्याला हे परवडत नाही. आणि आमच्या माणसाने मेल लिहायला घेतलेला होता.

मी म्हटलं, थांब, आधी फोन करू. पलीकडे रिपोर्ट लिहिणारा मुलगा होता, सातारकडचा, हुशार. मी मराठीतच विचारलं.

"फिक्स्चर कधी बदललंत तुम्ही?"

"तेरा तारखेला, सर. तडे दिसले ना बाराला, त्यानंतर लगेच."

"मग ‘हॅड बीन रिप्लेस्ड’ का लिहिलंत? ‘वॉज रिप्लेस्ड’ लिहा की."

तो जरा गोंधळला आणि मग त्याने जे उत्तर दिलं ते मी वहीत उतरवून ठेवलंय. म्हणाला, "पण सर, त्याला आता पंधरा दिवस झाले. ‘वॉज रिप्लेस्ड’ म्हणजे आत्ताच बदलल्यासारखं वाटतं."

या एका वाक्यात सगळं आहे. त्याचं इंग्रजी कच्चं नव्हतं. त्याचं मराठी पक्कं होतं. मराठीत नुसता साधा भूतकाळ ताजा असतो. "जेवलास?" "जेवलो." हे आत्ताचं. "आला का रे तो?" "आला." म्हणजे दारातच उभा आहे. पंधरा दिवसांपूर्वीचं काही गप्पांमध्ये सांगायचं झालं तर आपण सहज ‘होतं’ जोडतो. "आम्ही मागच्या महिन्यात कोकणात गेलो होतो." "त्यांनी २०१२ साली फ्लॅट घेतला होता." ‘कोकणात गेलो’ एवढंच म्हटलं तर ऐकणारा म्हणेल, बरं मग, पुढे? काय झालं? कारण ‘गेलो’ने गोष्ट सुरू होते, आणि ‘गेलो होतो’ने ती बातमी होऊन संपते.

(इतिहास लिहिताना किंवा गोष्ट सांगताना मात्र आपण साधा भूतकाळ बिनधास्त वापरतो. १६७४ साली राज्याभिषेक झाला. तिथे ‘झाला होता’ लागत नाही. म्हणजे ही भानगड गप्पांची, निरोपांची, कामाच्या बोलण्याची. आणि नेमकं तेच सगळं आपण मेलमध्ये लिहितो.)

इंग्रजीच्या साध्या भूतकाळाला असला ताजेपणा नाही. ‘रिप्लेस्ड’ म्हणजे काल बदललं तरी तेच आणि चौदाव्या शतकात बदललं तरी तेच. किती जुनं ते तारीख सांगते, क्रियापद सांगत नाही. सातारच्या मुलाला क्रियापदाला जुनेपणा चिकटवायची सवय होती, म्हणून त्याने हाताशी असलेलं ‘हॅड’ उचललं. त्याचं तर्कशास्त्र अगदी बरोबर होतं, फक्त ते दुसऱ्या भाषेचं होतं.

आणि ‘होतं’ एवढंच करत नाही हो. आपल्या भाषेतलं हे किती बारीक काम करणारं हत्यार आहे याकडे आपण कधी बघितलेलंच नाही. "तो पुण्याला गेला." "तो पुण्याला गेला आहे." "तो पुण्याला गेला होता." मला सांगा, तिसऱ्या वाक्यातला ‘तो’ आत्ता कुठे आहे? परत आलाय! वाक्यात परत येण्याचा शब्दही नाही, पण शेंबड्या पोरालाही कळतं. "दार उघडलं आहे" म्हणजे उघडं आहे, "दार उघडलं होतं" म्हणजे बहुतेक आता बंद आहे. झालेल्या गोष्टीचा परिणाम आता उरला नाही, हे ‘होतं’ सांगतं. इंग्रजीत हे ‘हॅड’ने होत नाही. तिथे "ही हॅज गॉन टू पुणे" म्हणजे तिकडेच आहे, आणि जाऊन आलेला असेल तर "ही हॅज बीन टू पुणे", किंवा मागच्या आठवड्यातलं असेल तर सरळ "ही वेंट टू पुणे लास्ट वीक".

शिवाय आपण नम्रपणासाठीही ‘होतं’ वापरतो. "जरा काम होतं तुमच्याकडे." "एक शंका होती." काम होतं म्हणजे आता नाही असं थोडंच आहे? यातूनच ते प्रसिद्ध ‘आय हॅड अ डाउट’ येतं. समोरचा अमेरिकन हसून म्हणतो, "गुड, सो इट्स क्लिअर नाउ?" आणि आपला माणूस गप्प बसतो. शंका तशीच पोटात.

आणि हो, विमान चुकलं त्या अर्थानेही ‘होतं’ चालतंच: "मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती." म्हणजे ‘होतं’ची चार कामं, त्यातलं एकच ‘हॅड’शी जुळतं. चारातलं एक जुळतं म्हणून आपण शाळेत काय केलं, तर दोघांना एकच नाव देऊन टाकलं. इंग्रजीच्या तासाला ‘हॅड’ म्हणजे पूर्ण भूतकाळ, मराठीच्या तासाला ‘होतं’ म्हणजे पूर्ण भूतकाळ. आमच्या इथल्या शॉपमध्ये अर्ध्या इंचाचे बोल्ट आणि तेरा मिलिमीटरचे बोल्ट दोन्ही असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टवर बसतो, फिरतोही. जोर लावला की घसरतो आणि बोल्टचे कोपरे खातो. दोन्ही पान्यांवर एकच नंबर कोरून ठेवणाऱ्या माणसाला तुम्ही स्टोअरमध्ये ठेवाल का?

‘पूर्ण’ हा शब्द तर आणखी घात करतो. मुलाच्या मनात सरळ हिशेब असतो: माझं काम पूर्ण झालंय ना, मग पूर्ण भूतकाळ. अर्धवट सोडलं असतं तर अपूर्ण. ड्रॉइंग पूर्ण पाठवलं, म्हणून ‘हॅड सेंट’! मी हे विनोदाने लिहीत नाही, हे कारण मला लोकांनी खरोखर दिलेलं आहे. इंग्रजीतल्या ‘परफेक्ट’चा उगम लॅटिनमधला, तिथे त्याचा अर्थ ‘पुरं झालेलं’ असाच होता. तो शब्द आपण शब्दाला शब्द ठेवून उचलला आणि मधलं टिंब वाटेत सांडलं.

त्यात भर पडते ती त्या अजरामर उदाहरणाची. "द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम." भारतातल्या शाळांमध्ये हा रोगी रोज मरतो आणि डॉक्टर रोज उशिरा येतो. गंमत म्हणजे या वाक्यात ‘हॅड’ची गरजच नाही! ‘बिफोर’ने क्रम सांगून टाकलाय. "द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम" हे शुद्ध इंग्रजी आहे, इथे आणि लंडनमध्येही. पण परीक्षेत असं लिहिलं तर मार्क कापतात. म्हणजे जिथे नसलं तरी चालेल तिथे ‘हॅड’ सक्तीचं, आणि जिथे जीव जातो तिथे त्याबद्दल अवाक्षर नाही. मुलगा यातून एवढंच शिकतो की ‘हॅड’ लावलं की इंग्रजी भारदस्त होतं. मग मॅनेजर झाल्यावर तो प्रत्येक मेलला ‘हॅड’ची झालर लावतो.

जीव जातो म्हटलं ते अगदीच अलंकारिक नाही. ओळखीतल्या एकाचे वडील इथे आले होते, रात्री छातीत दुखायला लागलं, इमर्जन्सीत नेलं. मुलाने डॉक्टरला सांगितलं, "द पेन स्टार्टेड अ‍ॅट टेन. ही हॅड टेकन अ टॅब्लेट." मुलाच्या मनात: दहाला दुखायला लागलं, मग गोळी घेतली. डॉक्टरने ऐकलं: गोळी घेतल्यावर दुखायला लागलं. डॉक्टरीण बाई चौकस होती, तिने पुन्हा वेळ विचारली म्हणून निभावलं. नसती विचारली तर ती गोळीच्या मागे लागली असती.

आता माझ्या विरुद्ध बोलणाऱ्यांकडे वळतो. एक गट म्हणतो, भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र भाषा आहे, गोऱ्यांच्या नियमांनी तिला का मोजता? मला या लोकांबद्दल आदर आहे. ‘प्रीपोन’सारखा सुंदर शब्द आपण दिलाय आणि तो वापरताना मी कोणाची माफी मागत नाही. हिंदीतही ‘गया था’ आहेच, त्यामुळे पुण्यापासून लखनौपर्यंत सगळे एकमेकांना ‘हॅड गॉन’ म्हणतात आणि कोणाचं काही अडत नाही. आपापसात खुशाल म्हणा. पण ‘प्रीपोन’ आणि ‘हॅड’ यांत फरक आहे. ‘प्रीपोन’ ज्याला कळत नाही तो विचारतो, हे काय? ‘हॅड’ कोणी विचारत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं आपल्याला कळलंय. एट-डी रिपोर्ट वाचणारा डेट्रॉइटचा असेल, नाहीतर स्टुटगार्टचा. त्याच्याशी तुमचा ‘हॅड’च्या अर्थाबद्दल करार झालेला नाही.

दुसरा गट नाक मुरडणाऱ्यांचा. हा मला अजिबात आवडत नाही. मराठी माध्यमातला म्हणून अशा चुका करतो, असं म्हणणारे हे लोक. अहो, मी दोन्हीकडचे मेल वाचतो! कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले, घरी आईवडिलांशी इंग्रजीत बोलणारे, त्यांचेही ‘हॅड’ तसेच लोंबतात. का नाही लोंबणार? त्यांनी ज्या बाईंकडून इंग्रजी ऐकलं त्यांच्या डोक्यातही ‘होतं’च होतं. बालवाडीपासून लाखांनी फी भरा, हा ‘हॅड’ तुमच्याबरोबर फुकट येतो. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यानंतर शिकून बाहेर पडलेली पिढी आता मला मेल पाठवते. शब्द वाढलेत, भीती कमी झालीय, हे मान्य, आणि चांगलंच झालं. ‘हॅड’ जागचं हललेलं नाही. दवाच चुकीच्या जागी लावली तर मात्रा वाढवून काय होणार?

आणि अमेरिकन लोक काय सोवळे आहेत का? "इफ आय वुड हॅव नोन" असं इथे सर्रास म्हणतात, तिथे खरं तर ‘हॅड नोन’ पाहिजे. ‘आय शुड हॅव वेंट’ तर मी शॉपफ्लोअरवर रोज ऐकतो. ब्रिटिश माणूस ‘हॅव यू ईटन’ विचारेल तिथे हे ‘डिड यू ईट’ म्हणून मोकळे होतात. त्यामुळे न्यूनगंडाचं काही कारण नाही. फरक इतकाच की त्यांच्या या चुकांनी आधीचं नंतर होत नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं ऐकून इंग्रजीचे शिक्षक खूश होतील आणि मराठीचे दचकतील, कारण हे काम मी मराठीच्या तासाला देतोय. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं १९११ चं. एवढा जुना आपला अभ्यास, आणि शाळेत त्याचं उरलं काय, तर "अधोरेखित क्रियापदाचा काळ ओळखा", एक मार्क. काळाचं नाव ओळखून काय करायचंय? ‘तो आत्ता कुठे आहे’ हे विचारा! आठवीच्या वर्गात फळ्यावर ती तीन वाक्यं लिहा, गेला, गेला आहे, गेला होता, आणि प्रत्येकाखाली मुलांना लिहायला सांगा की तो माणूस आत्ता कुठे आहे. सगळ्यांचं बरोबर येईल, ज्याला इंग्रजीत पाच मार्क पडतात त्याचंही. आपल्याला हे येतं हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळेल. मग वेळेची रेघ काढा, ‘होतं’ची वेगवेगळी वाक्यं त्यांच्याकडूनच मागवा आणि टिंबं मारू द्या.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या बाईंना त्याच वर्गात बोलवा. फळा पुसू नका. मुलांनी दिलेली ‘होतं’ची वाक्यं तशीच राहू द्या, आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न विचारा: कशाच्या आधी? ज्या वाक्याला उत्तर सापडेल, म्हणजे दुसरी गोष्ट बोट ठेवून दाखवता येईल, आणि तिच्या आधी हे घडलं हे सांगणं गरजेचं असेल, तिथे ‘हॅड’. "मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती": कशाच्या आधी? पोचण्याच्या. लावा. "मागच्या महिन्यात कोकणात गेलो होतो": कशाच्या आधी? कशाच्याच नाही. ‘वेंट’. "काल ड्रॉइंग पाठवलं होतं": ‘सेंट’. "बारा तारखेला तडे दिसले, फिक्स्चर बदललं होतं": इथे वर्गात भांडण होईल, अर्धी पोरं आधी म्हणतील, अर्धी नंतर. होऊ द्या. भांडण मिटलं की तारीख घालून लिहायला सांगा.